शिळं पाणी

मिल बंद झाली तरी हे रोज पहिल्या पाळीला जात राहिले. भोंगा वाजायचा थांबला होता, पण इंदूरच्या परदेशीपुऱ्यात भोंग्यावर वाढलेल्या माणसाला जाग यायला भोंगा लागत नाही. पहाटे उठायचं, आंघोळ करायची, डबा घ्यायचा आणि मिलच्या गेटवर जाऊन बसायचं. कामगारांनी गेटवरच्या तीन पाळ्या आपसात वाटून घेतल्या होत्या. पगार नाही, हजेरी नाही. काम एकच, आतलं एकही यंत्र बाहेर जाऊ द्यायचं नाही. यंत्रं आत आहेत तोवर मिल उद्याही चालू होऊ शकते, अशी सगळ्यांची समजूत होती. हे विव्हिंग खात्यात सुपरवायजर होते, त्यामुळे आत उभे असलेले साचे, म्हणजे कापड विणायचे माग, हे आपल्या जबाबदारीचे आहेत असंच ते धरून चालत.

मी मुलींच्या एका वसतिगृहाची कोठी सांभाळायचे. किती पोती, किती डबे, काय संपत आलं, कशाला कीड लागेल, हे पाहणं माझं काम. त्या काळात घरात काय चाललंय असं कुणी विचारलं की मी गव्हाला ऊन दिल्याचं सांगायचे. वाईट वाटायला हवं होतं, ते वाटत नसे. सकाळी डबा भरायचा, दुपारी रिकामा डबा घासायचा. मला एवढंच हवं होतं की यांचं ते गेटवर जाणं सुटावं. पन्नाशीही न आलेला माणूस बंद दारासमोर बसून म्हातारा होत होता, आणि त्याचा डबा मी भरत होते.

माझा मामेभाऊ मालवाहू जहाजांवरून निवृत्त झालेला. आम्ही त्याला दादा म्हणतो. निवृत्तीनंतर त्याने कोचीला एक जुनी शिडाची बोट घेतली होती. थंडीत एका लग्नासाठी तो इंदूरला आला आणि आमच्याकडे पोहे खायला बसला. यांची दिनचर्या ऐकून त्याला राहवलं नाही.

"जीजाजी, एक सांगा. चोर आलाच तर तुम्ही करणार काय? डबा फेकून मारणार?"

"माणूस बसलेला दिसला की येत नाही कोणी," हे म्हणाले.

"और रात को?"

"रात्रीचे वेगळे आहेत. तिसरी पाळी."

दादाने पोह्यांवर जिरावन मसाला जरा जास्तच भुरभुरला. "हे तर आमच्यासारखंच झालं की भिया. बोटीवर पण चोवीस तास एक माणूस जागा ठेवतात. फरक इतकाच, आमचं निदान काही चालत तरी असतं."

हे हसले नाहीत. मला हसू आलं असतं, पण आलं नाही.

जाताना दादाने मला बाजूला घेतलं. त्याला कोचीहून मालदीवमधलं माले, तिथून श्रीलंकेत गॉल आणि परत कोची अशी फेरी करायची होती. त्याचे गुडघे गेले होते, मदतीला माणसं हवी होती. वहिनीने साफ सांगितलं होतं की जन्मभर नवऱ्याला समुद्राने नेलं, आता आपण पायाने चालत त्याच्याकडे जाणार नाही. "तू कोठी सांभाळ, जीजाजी सुकाणू धरतील. शिकवतो मी," दादा म्हणाला. माझी बरीच रजा साठलेली होती. मी हो म्हटलं.

यांना विचारलं तर यांचा एकच प्रश्न होता. "माझी पाळी कोण करणार?"

मिलमध्ये बदली म्हणून एक प्रकार असतो. कायम माणूस आला नाही की गेटवर थांबलेल्यांपैकी एकाला त्या दिवसापुरतं त्याच्या जागी घेतात, तो बदली. यांनी स्पिनिंग खात्यातल्या एका म्हाताऱ्याला गाठलं आणि आपल्या जागी बसवलं. पगार नसलेल्या पाळीवर बदली ठेवून माझा नवरा समुद्रावर निघाला.

मी सामानाला लागले. बेटम्याहून बहिणीने पाठवलेला गहू दळून, पीठ थोडं भाजून भरलं. कृष्णपुऱ्याच्या बाजारातून घट्ट झाकणांचे डबे आणले. डाळी, भाजणी, मेतकूट, लोणची, आणि दादाने मुद्दाम सांगितली म्हणून लवंगी सेव, पत्र्याचा मोठा डबा भरून. समुद्राच्या हवेत सेवेचं काय होतं हे इंदूरच्या माणसाला कसं कळणार? चार दिवसांत ती अशी मऊ पडली की दादा म्हणाला, "सेव आणलीस की उकडलेल्या शेवया?" आम्ही ती आमटीत घालून संपवली.

बोट लांबीला आमच्या घराइतकी होती, म्हणजे पुढची खोली आणि स्वयंपाकघर एकापुढे एक ठेवली तर. आत प्रत्येक वस्तूला खाचा, कडी नाहीतर दोरी होती. ती व्यवस्था मला पसंत पडली. बाकी पहिले दोन दिवस मी फक्त ओकत होते. नंतर ओकणं थांबलं आणि दुसरं काही सुरू झालं नाही. परत आल्यावर वसतिगृहाच्या मुलींनी मला घेरून विचारलं होतं, "बाई, पहिल्यांदा चारही बाजूंना पाणीच पाणी दिसलं तेव्हा कसं वाटलं?" मी त्यांना काहीतरी सांगितलं. खरं म्हणजे कोठीत उभं राहून समोरची भिंत बघावी तशी मी त्या पाण्याकडे बघत होते.

हे मात्र बोटीत चटकन बसले. दादा सुकाणूवरच्या आळीपाळीला पहारा म्हणायचा, यांनी पहिल्या दिवशीच त्याची पहिली, दुसरी आणि तिसरी पाळी करून टाकली. पाळी बदलताना मिलमध्ये जातं तसं हे थोडं आधी जाऊन उभे राहत, वारा कुठून आहे, दोर कुठला ढिला आहे ते दादाकडून समजून घेत, मगच दादाला उठू देत. मी यांना जेवण डब्यातच द्यायचे, कारण ताट हलत्या बोटीवर टिकत नाही. सुकाणूशी बसून हे डबा उघडत, झाकण उलटं ठेवत, त्यात चटणी काढून घेत. हुबेहूब गेटवर बसल्यासारखं. ते पाहून मी आत जाऊन भांडी आवरायला लागायचे.

एक गोष्ट दादाच्याही लक्षात आली. वारा पडला की हे झोपेतून उठून बसायचे. साच्यांच्या गदारोळात उभं आयुष्य गेल्यामुळे यांना थोडं कमी ऐकू यायचं, पण आवाज थांबलेला लगेच कळायचा. "जीजाजींना बॅरोमीटर म्हणून टांगून ठेवू या," दादा म्हणायचा.

मालेला पोहोचल्यावर हे आधी टेलिफोन ऑफिसात गेले. मिलच्या गेटसमोर एक किराणा दुकान होतं, तिथे फोन होता. दुकानदार हाक मारून कुणाला तरी बोलवायचा. लाईन खरखरत होती, पण पलीकडचा कामगार इतका ओरडून बोलत होता की शेजारी उभ्या असलेल्या मलाही ऐकू आलं.

"आतलं सगळं आत आहे ना?" यांनी विचारलं.

"अंदर है भिया, सब अंदर है! तुम वहाँ मच्छी देखो!"

हे बाहेर आले ते मोकळ्या चेहऱ्याने. वाटेत एका कापडाच्या दुकानाबाहेर थांबून टांगलेल्या शर्टपीसची कड चिमटीत धरून पाहिली, कुठल्या देशाचा आहे ते विचारलं आणि सोडून दिली. तेव्हा इंदुरातही दुकानादुकानांत बाहेरचं कापड यायला लागलं होतं. पीथमपूरच्या नव्या कारखान्यांत पोरं मोटरसायकलवरून कामाला जात होती. मिलच्या जमिनीवर काय उभं राहणार यावर चहाच्या टपरीवर पैजा लागत होत्या. या सगळ्यावर हे एक अक्षर बोलायचे नाहीत.

निघायच्या दिवशी दुपारी दादा कागदपत्रांसाठी बंदराच्या ऑफिसात गेला, मी कांदे-बटाटे आणायला. धक्क्यावर बोटींना पाणी आळीपाळीने मिळायचं. आमची पाळी आली तेव्हा हे एकटेच बोटीवर होते. बोटीला पिण्याच्या पाण्याच्या दोन टाक्या होत्या. पुढची आम्ही येताना वापरली होती, ती रिकामी. मागची कोचीहून भरलेली, तिला हातही लागला नव्हता. दादा परत आला तेव्हा हे नळी गुंडाळून परत देत होते. पाणी भरून झालेलं दिसलं, आम्ही दोर सोडले आणि निघालो.

तिसऱ्या दिवशी वारा पडला. सकाळी पुढच्या टाकीचं पाणी संपत आलं म्हणून दादाने मागच्या टाकीची चावी फिरवली. पंपाला थोडं पाणी आलं, मग नुसती हवा फुसफुसायला लागली.

"मागची तर भरलेली होती ना?" दादाने मला विचारलं. मी यांच्याकडे पाहिलं.

"ती मी खाली केली," हे म्हणाले.

"खाली केली म्हणजे?"

"कोचीचं पाणी होतं ते. शिळं. नळाला नवीन आलं, तर जुनं काढून फेकलं. मग पुढची भरून घेतली. मागचीत यायला लागलं, तर धक्क्यावाल्यांनी नळ बंद केला. म्हटलं, पुढची भरली आहे, पुरेल."

दादा जागेवरच बसला. "जीजाजी, त्या पाण्याला काय झालं होतं? वास येत होता?"

"नाही. शिळं होतं."

"भरलेली टाकी! भरलेली टाकी समुद्रात ओतलीत!" दादाचा आवाज चढला. "ही काय इंदूरची नर्मदा आहे, दिवसाआड नळाला यायला? परवा पुन्हा येणार आहे इथे?"

मी दादाला समजावू शकले असते, पण तो स्वतः इंदूरचा, त्याला समजवायचं काय? आमच्या गल्लीत नर्मदेचा नळ येण्याच्या दिवशी प्रत्येक घरातून आधी पाणी ओतल्याचा आवाज येतो. हंडे, कळशा, पिंपं, सगळ्यांतलं परवाचं पाणी अंगणात, मोरीत नाहीतर झाडांना जातं. भांडी राखेने लखलखीत होतात, मग ताजं भरायचं. शिळं पाणी प्यायला ठेवणं म्हणजे आळशीपणा. कधी भांडी ओतून झाल्यावर नळ अर्ध्यातच जातो. मग सगळी गल्ली महापालिकेच्या नावाने खडे फोडते, आणि पुढच्या वेळी परत आधी ओतते. यांनी बोटीवर घरचं काम केलं होतं, आणि नीट केलं होतं. टाकी आतून पुसून घेतली होती, हेही नंतर कळलं.

गॉल अजून लांब होतं. वाऱ्याशिवाय जायचं तर डिझेल पुरणारं नव्हतं. पाण्याचं काम मी माझ्याकडे घेतलं. पुढच्या टाकीत उरलं होतं तेवढं कळशीत काढून ठेवलं. अंघोळ, भांडी, हात धुणं सगळं समुद्राच्या पाण्याने. भातात थोडं समुद्राचं पाणी, मीठ नाही. चहा बंद. लोणची आणि मेतकूट बंद, कारण तहान लागते. प्यायचं पाणी डब्याच्या वाटीने, माझ्या हातून, ठरलेल्या वेळी. दादा म्हणाला, "हॉस्टेलच्या पोरी तुला काय म्हणत असतील ते आता कळलं." एवढं बोलून तो निवळला. समुद्रावर भांडून जायला जागा नसते.

यांनी मात्र आपलं पाणी प्यायचं सोडलं. पहिल्यांदा कळलं नाही. वाटी घ्यायचे, बाजूला ठेवायचे, मी वळले की परत कळशीत ओतायचे. पुढच्या वेळी मी समोर उभी राहिले.

"प्या."

"नंतर पितो."

"आत्ता. माझ्यासमोर. तुम्ही पाळीवर आहात, चक्कर येऊन पडलात तर सुकाणू कोण धरणार?"

पाळीचं नाव काढलं म्हणून प्यायले.

शीड कपडे वाळत घातल्यासारखं लटकत होतं. पाणी सपाट, तेलकट. सगळं थांबलेलं. दुपारी दादा आत झोपला होता आणि मी यांच्या शेजारी तांदूळ निवडत बसले होते. अचानक हे म्हणाले, "खातं बंद केलं त्या दिवशी असंच झालं होतं. एकेक साचा थांबत गेला. शेवटचा थांबला तेव्हा कान दुखायला लागले. सगळे एकमेकांकडे बघत होते, कोणाला बोलता येईना. सवयच नव्हती. आम्ही आत हातांनीच बोलायचो ना."

मिल बंद झाल्यापासून त्या दिवसाबद्दल हे पहिल्यांदाच बोलत होते. बायकोने अशा वेळी काहीतरी म्हणायला हवं. मी तांदळातला खडा काढून पाण्यात टाकला आणि म्हटलं, "पाण्याची वेळ झाली." यांनी वाटी घेतली आणि प्यायली.

वारा आला तोही यांनाच आधी कळला. आम्ही जेवत होतो, शीड अजून हललंही नव्हतं. यांनी डबा बंद केला आणि उठून दोर हातात घेतला. "आला," म्हणाले. थोड्या वेळाने खरंच आला, आणि मग टिकला. गॉलच्या बंदरात शिरलो तेव्हा कळशीच्या तळाशी पाणी होतं. दादा ते डोक्यावर ओतून घेणार होता, मी घेऊ दिलं नाही.

धक्क्यावर पाण्याची नळी आली तेव्हा हे लांब जाऊन उभे राहिले. दादाने हाक मारली, "इकडे या, जीजाजी. तुम्हीच भरा."

"तुम्ही भरा दादा."

"मी का भरू? पुढच्या थंडीत मला सेशेल्सपर्यंत जायचंय. माझ्या गुडघ्यांनी होणार नाही. बोट तुम्हीच सांभाळायची, कायम. नोकरीच समजा." मग जरा थांबून म्हणाला, "फक्त ओतू नका."

हे नळी धरून उभे राहिले. "मिलचं काय होतं ते बघून सांगतो," म्हणाले.

मी आत कणीक मळत होते. मळत राहिले. वाटलं होतं, इतक्या लांब आलो तर गेट मागे राहिलं असेल. ते आमच्याबरोबरच आलं होतं.

कोचीला उतरल्यावर समोरच एसटीडी बूथ होता. मी सामान मोजून हातगाडीवर चढवत होते. काचेतून हे दिसत होते. फोन कानाला लावलेला, तोंड हलत नाही. बाहेर आले तेव्हा उरलेले सुट्टे पैसे तिथेच विसरून आले.

"साचे गेले," म्हणाले.

"म्हणजे?"

"दिवसाढवळ्या ट्रक आले. हुकूम होता, पोलीस होते. आतच घण घालून फोडले. भंगारात दिले."

"आणि तुमचा तो बदली?"

"उभा राहिला म्हणे ट्रकसमोर. पोलिसांनी हात धरून बाजूला बसवला. चहा दिला त्याला." हे हातगाडीची दोरी उगाच ताणून बघत होते. "त्याची काही चूक नाही. मी असतो तरी नेले असते."

मी हातगाडीवरचं सामान परत मोजलं.

"पण मी नव्हतो," हे म्हणाले.

इतकी वर्षं मला जे हवं होतं ते झालं होतं. यांचं गेट सुटलं होतं. मी हातगाडीवाल्याला स्टेशनचा रस्ता सांगितला आणि सामानावर नजर ठेवून मागून चालायला लागले.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी हे पहाटे उठले, आंघोळ केली. मी विचारलं, "डबा?"

"भर. जास्त भर."

मी भरला. दुपारी हे परतले ते डब्याशिवाय. डबा म्हाताऱ्याकडे ठेवून आले होते. गेट उघडं होतं, तिथे कंत्राटदाराचा एक पोरगेलासा चौकीदार खुर्ची टाकून बसला होता आणि बदली म्हातारा समोरच्या टपरीवर, अजून पहिल्या पाळीला येत होता. कारण ज्याच्या जागी बसवलं त्याने येऊन सांगितल्याशिवाय बदली उठत नाही.

"सांगून आलो त्याला," हे म्हणाले. "म्हटलं, आता येऊ नको."

"मग?"

"दोघांनी जेवून घेतलं. मग तो गेला."

संध्याकाळी नळ आला. गल्लीभर पाणी ओतल्याचे आवाज सुरू झाले. शेजारणीने आमच्या रिकाम्या घरात पाणी भरून ठेवलं होतं. मी हंडा उचलायला गेले तर हे मोरीच्या तोंडाशी उभे होते.

"राहू दे ते. आधी नवीन किती येतं ते बघू."

त्या दिवशी पाणी भरपूर आलं. सगळी भांडी भरली, पिंप भरलं, तरी येत होतं. शिळ्या पाण्याचा हंडा मधेच उभा राहिला. दोन दिवस आम्ही तेच पाणी प्यायलो. चवीत काही फरक नव्हता.

पावसाळा संपल्यावर दादाचा फोन आला, शेजारच्यांकडे. मी बोलले, मग यांना रिसीव्हर दिला. दादा तिकडून काहीतरी मोठ्याने सांगत होता. हे ऐकत होते.

"येतो," हे म्हणाले. "पण बदली म्हणून. कायमचं नको."

दादाचं हसणं मलाही ऐकू आलं. "बदली? अहो, कोणाच्या जागी? बोटीवर दुसरं आहेच कोण?"

यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि घरी गेले, कारण नळाची वेळ झाली होती. मी दादाला विचारलं, कधी निघायचं आणि किती महिन्यांचं भरायचं. मग शेजारणीकडूनच कागद मागून घेतला आणि तिथेच बसून यादी करायला घेतली. सेव लिहिली नाही.